लालचे चौतीस खण

शेडवाले काकांच्या दुकानात लाल नावाचा दोरा मिळत नसे. लाल मागणाऱ्या गिऱ्हाइकाला ते आधी खुर्चीत बसवत आणि मग त्याचा अपमान करत. "लाल म्हणजे काय? डॉक्टरकडे जाऊन नुसतं 'दुखतंय' एवढंच सांगता का?" त्यांच्या पाठीमागे चौतीस खण होते आणि प्रत्येकात एक वेगळा लाल होता. डाळिंबी, शेंदरी, गाजरी, विटकरी, मरून, चेरी, लाखेचा, गंजाचा, आणि एक असा की जो फक्त जुन्या पडद्यांना लागतो. कापडाचा तुकडा घेऊन ते दारात उजेडाला जात, डोळे बारीक करत आणि परत येऊन न चुकता बरोबर खण ओढत.

लोकांचं बोलणं त्यांना ढिसाळ वाटे. माणूस रागाने लालबुंद होतो हे त्यांना मान्य नव्हतं. "गाजरी होतो," ते म्हणत. "सासूबाई तेवढ्या मरून व्हायच्या." थप्पड मारली की गाल लाल, रडलं की डोळे लाल, निखारा लाल, टोमॅटो लाल, थांबा सांगणारा दिवाही लाल. "एवढ्या कामांना एकच शब्द? घरात एकच चमचा ठेवल्यासारखं आहे हे."

काकू दाराजवळच्या स्टुलावर बटणं निवडत बसत. त्यांनी हे एकतीस वर्षं ऐकलं होतं आणि अजूनही "तो लाल द्या जरा" असंच म्हणत.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास एक माणूस आत आला. त्याने काउंटरवरचा लोखंडी गज उचलला आणि एक शब्द न बोलता काकूंच्या डोक्यात घातला. मग त्यांच्या गळ्यातली साखळी ओढली. ती पहिल्या हिसक्याला तुटली नाही, म्हणून त्याने दुसरा दिला, तेव्हा साखळी तुटली आणि काकू स्टुलासकट खाली आल्या. बटणं दुकानभर झाली. माणूस पळाला.

काकांनी त्याचा शर्ट नीट पाहिला होता. विटकरी, पाच-सहा धुण्यांनंतरचा, कॉलरपाशी उडालेला. खिशाची शिलाई मात्र डाळिंबी दोऱ्याची, म्हणजे शिंपी आळशी. हे सगळं त्यांना एका श्वासात कळलं, पण एका श्वासात ओरडता येण्याजोगं ते नव्हतं. ते दारात धावले आणि दुकानाच्या चाळीस वर्षांत पहिल्यांदा तो शब्द त्यांनी स्वतः वापरला.

"लाल शर्टवाला! पकडा!"

रस्ता जणू याचीच वाट बघत होता. आघाडीला शेजारच्या व्यायामशाळेचा मालक. त्याला सगळे पैलवान म्हणत, कुस्ती तो फक्त टीव्हीवर बघत असला तरी. त्याने येताना वजनांचा दांडा आणला होता.

पहिला सापडला तो पाव पोचवणारा. काका पोचेपर्यंत त्याचं नाक एका बाजूला गेलं होतं.

"हा नाही," काका म्हणाले. "याचा गाजरी आहे."

"काका, आत्ता नका हो," पैलवान म्हणाला.

दुसरा बँकेतला कारकून. तो बिचारा सही चुकल्याचं कोणाला तरी समजावत उभा होता. त्याचे पुढचे दोन दात फुटपाथवर आले.

"अहो, हा मरून आहे."

"मरून लाल नसतो का?"

"असतो, पण…"

"मग झालं तर."

इकडे काकू शुद्धीवर आल्या होत्या. डोक्याला अस्तराचं कापड दाबून धरत त्यांनी जावयाला फोन केला. तो दोन गल्ल्या पलीकडे घड्याळं दुरुस्त करायचा. सासूबाईंचं डोकं फुटलंय म्हटल्यावर तो चपला न घालता पळत सुटला. अंगात चेरी रंगाचा शर्ट, बायकोने शिवलेला. पळणारा आणि लाल. दोन्ही अटी पूर्ण होत होत्या.

पहिल्या फटक्याला त्याचा हात कोपराखाली मोडला. तो आवाज काकांनी रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकला. ते गर्दीत घुसले.

"सोडा त्याला. जावई आहे माझा."

"चोरसुद्धा कोणाचा तरी जावईच असतो," मागून कोणीतरी म्हणालं आणि बरगडीत लाथ घातली.

"काका, तुमचं काळीज मऊ आहे, तुम्ही बाजूला व्हा," पैलवान म्हणाला. ढकलताना त्याने काकांना हलक्या हाताने ढकललं, वयाचा मान ठेवून. मग दांडा दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला. खाली जावयाचं डोकं होतं, आणि ते आता हलत नव्हतं.

काकांनी पैलवानाकडे पाहिलं. सकाळी त्याचा बनियन पांढरा होता. पाववाला, कारकून आणि जावई अशा तिघांचं मिळून आता गळ्यापासून पोटापर्यंत एकही जागा पांढरी उरली नव्हती.

"हा," काका त्याच्याकडे बोट करून किंचाळले. "हाच तो. लाल शर्टवाला."

गर्दीने पाहिलं. होता खरा लाल. हातात दांडाही होता. पैलवान हसला, त्याला वाटलं म्हातारा भेदरून काहीतरी बरळतोय. हसता हसताच मागून कोणीतरी त्याच्या गुडघ्यावर वीट घातली.

काकांनी जावयाला काखेत धरून बटणांवरून ओढत दुकानात आणलं आणि शटर खाली ओढलं. जावई श्वास घेत होता, शिट्टीसारखा आवाज करत, पण घेत होता.

"बाहेर आता कोणाला मारतायत?" काकूंनी विचारलं.

"पैलवानाला."

"त्यानं काय केलं?"

तेवढ्यात शटरवर धडाधड हात आपटले.

"काका, सांगा ना यांना. काका, मी आहे."

जावयाने डोळे उघडले. "बाबा, उघडा. मारून टाकतील त्याला."

काकांनी वाकून शटरच्या कडीला हात घातला.

"उघडू नका," काकू म्हणाल्या. डोक्यावरचं कापड त्यांनी घडी बदलून पुन्हा दाबलं. "आपल्या तिघांच्या अंगावरचं बघा आधी."

काकांनी आपल्या शर्टाकडे पाहिलं, मग काकूंच्या पदराकडे, मग जावयाकडे. हात कडीवरून काढला आणि मोडका हात बांधायला ते अस्तराची पट्टी फाडू लागले. शटरवर अजून थोडा वेळ हात आपटत होते.