हनुवटी जरा वर

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. महाराज समोर आलेल्या माणसाकडे नुसतं बघत आणि त्याचं नाव, आजार, घरची चिंता घडाघडा सांगत. बाया डोळे पुसत होत्या, पुरुष हात जोडत होते आणि पाचव्या रांगेतला फोटोवाला मनातल्या मनात जळत होता.

चोवीस वर्षं तो ओळखपत्रांचे फोटो काढत होता. एकदा पाहिलेला चेहरा आपण विसरत नाही, ही त्याची एकुलती एक बढाई. त्यात हा दाढीवाला उपटसुंभ कुठून आला? गेल्या महिन्यात महाराजांनी त्याच्या बायकोला पाहताच ‘ये, बिट्टी’ अशी हाक मारली होती. माहेरच्या त्या नावाने हाक मारायची नवऱ्यालाही मुभा नव्हती. वर म्हणाले, “बाळ, तुझा गळा सुजलाय. गोळ्या सोड, मी आहे.” आणि तिने थायरॉईडच्या गोळ्या खरोखरच सोडल्या. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, नवऱ्याने कपाळ बडवलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

गोळ्यांची काळजी त्याला होतीच. पण खरं सांगायचं तर झोंबलं होतं ते ‘बिट्टी’.

म्हणून आज तो हेरायला आला होता, आणि त्याला दारातच सुगावा लागला होता. सेवेकरी प्रत्येकाला एका ज्योतीपुढे उभं करून म्हणत होता, “चष्मा काढा, हनुवटी जरा वर, इकडे बघा.” अरे, हे तर आपलंच वाक्य, दिवसातून पन्नास वेळा म्हणतो ते. त्याने नीट पाहिलं. ज्योतीवरच्या कागदी कमळात नखाएवढं भिंग होतं.

घरी गेल्यावर त्याने बायकोच्या माहेरच्या वहिनीला विचारलं. बायकोची नोंदणी तिनेच फोनवरून केली होती. फोटो, लाडाचं नाव, आजार, सगळं भरून. त्यात काय एवढं, सगळेच भरतात, असं तिचं म्हणणं. फोटोवाल्याने मग स्वतःचाही अर्ज भरला. फोटो खरा, माहिती सगळी थापा.

पुढच्या गुरुवारी तो बायकोला घेऊन मंचापुढे उभा राहिला. नवरा सुधारला, म्हणून ती खुशीत होती. महाराजांनी डोळे मिटले आणि फेट्याखालचा कान चाचपला.

“जुळ्या मुलींचा बाप तू. धाकटी तोतरं बोलते. आणि सासू तुला सुखाने जगू देत नाही.”

“आम्हाला एकच मुलगा आहे,” बायको सावकाश म्हणाली. “आणि माझी आई मी सहा वर्षांची असतानाच गेली.”



“ही विद्या तुमच्या फोनमध्येही आहे,” फोटोवाला लोकांकडे वळून म्हणाला. “तोंड दाखवलं की फोन उघडतो, कारखान्यात हजेरी लागते, विमानतळावर ओळख पटते. यंत्र चेहऱ्याचे आकडे बनवतं आणि साठवलेल्या आकड्यांशी ताडून बघतं. इथे आकडे जुळले की अर्जातली माहिती आतला माणूस ह्यांच्या कानात वाचतो. मी खोटं लिहिलं, ह्यांनी खोटं सांगितलं.”

‘अश्रद्धाची सावली पडली’ वगैरे महाराज पुटपुटत होते, तोवर कोणीतरी कमळ उचकटलं. भिंग वायरीसकट लोंबायला लागलं आणि महाराज मागच्या दाराने सटकले.

वाटेत फोटोवाल्याला शाबासकी हवी होती. “आता कळलं ना, चेहरे खरे कोण ओळखतं?”

“ते लबाडच,” बायको म्हणाली. “पण माझा गळा सुजलाय असं निदान म्हणाले तरी. तुम्ही रोज समोर बसून जेवता. तुम्हाला कधी दिसला?”

तो दुकानाच्या दिव्याखाली थांबला आणि तिच्याकडे पाहत राहिला. डोळ्यांखाली सूज होती, भुवया विरळ झाल्या होत्या. हे कधी झालं, ते त्याला आठवेना. त्याला स्वतःची लाज वाटली.

तर मंडळी, यंत्र चेहरा जुळवतं. तुम्हाला काय दुखतंय ते ना यंत्राला ठाऊक, ना त्याच्या आड बसलेल्या महाराजांना. त्यासाठी डॉक्टरकडे जावं लागतं आणि घरच्यांनी विचारावं लागतं. कुणी न सांगता तुमचं नाव घेतलं, तर हात जोडण्याआधी ते त्याला कुठून कळलं एवढं शोधा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने गोळी घेतली. फोटोवाला पाण्याचा पेला घेऊन समोर उभा होता.

“हनुवटी जरा वर,” तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच कॅमेऱ्याशिवाय तिचा गळा नीट पाहिला.