चालत्या मोटरच्या आत

एका कारखान्यात बाबांनी भरलेली मोटर जळाली आणि त्या आगीत तिथल्या दोन कामगार बायका गेल्या. तीस वर्षं मोटरी भरणारे, म्हणजे त्यांच्या आत तांब्याची तार गुंडाळणारे बाबा सगळ्यांना छातीठोकपणे सांगत होते, "माझं काम चुकणार नाही." चालत्या यंत्राच्या आतलं चुंबकीय क्षेत्र पडद्यावर दाखवणाऱ्या प्रयोगशाळेत मी काम करते. जळालेल्या मोटरीच्याच आठवड्यात बाबांनी भरलेली दुसरी मोटर तपासणीसाठी तिथे आली. मी नको म्हणत होते, पण बाबा हट्टाला पेटले. "तूच तपास. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही."

बंद असताना मोटरमध्ये काहीच वावगं दिसलं नाही. चालू करून भार दिला, तेव्हा पडद्यावरचं चुंबकीय क्षेत्राचं रंगीत कडं एका जागी फाटलं. तिथे तारेचे वेढे एकमेकांना चिकटले होते; अशीच मोटर तापून पेटते.

"मशीन चुकतं की कधी कधी," बाबा म्हणाले.

"तीनदा पाहिलं, बाबा."

ते पडद्याच्या अगदी जवळ गेले. "वर्षभर मला तार नीट दिसत नाहीये," ते हळूच म्हणाले. "काम जाईल म्हणून बोललो नाही."

मी अहवालावर सही केली. बाबा बाहेरच्या बाकावर बसले होते. मी हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही.

"तू हो पुढे," ते म्हणाले. "मला घरी यायचा धीर होत नाही."