पुढलं साल सांगणारा फळा

मी एक जुना वार्ताफलक आहे, मित्रांनो. वार्ताफलक हे माझं कागदोपत्री नाव. फुलसावंगीत लहानथोर मला नुसतं फळा म्हणतात आणि मलाही तेच बरं वाटतं. एस.टी. थांब्याजवळच्या कडुलिंबाखाली दोन लाकडी खांबांवर मी उभा आहे. डोक्यावर टिनाचं छप्पर आहे खरं, पण ते एका अंगाला वाकलं आहे. पाऊस तिरपा आला की माझा डावा कोपरा भिजतो आणि तिथं लिहिलेली बातमी वाहून जाते.

मी मूळचा शाळेचा दरवाजा. शाळेची जुनी खोली पाडली तेव्हा मला चुलीत घालायचं घाटत होतं. तांड्यावरचे रामसिंग मिस्त्री मध्ये पडले. "सागवान आहे हे, सागवान! जाळतेत काय?" असं म्हणून त्यांनी मला खांद्यावर घेतलं. कडीकोयंडा काढला, बिजागऱ्यांच्या खाचा बुजवल्या, रंधा मारला. मग जुन्या सेलमधली काळी पूड आणि धोतऱ्याच्या पानांचा रस कालवून मला चोपडलं. तेव्हापासून दर होळीच्या सुमारास मला काळं फासतात. माणसाला काळं फासलं की तो तोंड लपवतो. मी मात्र त्या दिवशी चौकात नवरदेवासारखा मिरवतो.

माझ्यावर लिहायचे देवराव. ते शिंपी. समोरच त्यांचं मशीन होतं. महागावहून पहिल्या गाडीने पेपर आला की ते तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत, निधनवार्तासुद्धा सोडत नसत. मग कानावरचा खडू काढून माझ्यावर पाच ओळी लिहीत. सहावी ओळ लिहायला कंबरेत वाकावं लागे आणि देवरावांची कंबर त्याला तयार नसे. जगात कितीही उलथापालथ होवो, फुलसावंगीला ती पाच ओळींतच कळायची. अक्षर मात्र असं टपोरं, की चष्मा विसरून आलेला म्हाताराही रस्त्यापलीकडून वाचायचा. गावात कुणाचा वाद पेटला आणि कुणी म्हणालं, "फळ्यावर आलं आहे," की वाद तिथंच मिटायचा.

देवरावांचा एक नियम होता. माझ्यावर चूक झाली तर ती पुसायची नाही. तिच्यावर एक रेघ मारायची, खाली खरं काय ते लिहायचं आणि लिहिणाऱ्याने नाव टाकायचं. पुढच्या बाजारापर्यंत ते तसंच ठेवायचं, कारण ज्यांनी चूक वाचली त्यांनी दुरुस्तीही वाचली पाहिजे. एकदा देवराव लग्नाला गेले असताना सदाशिवरावांनी हौसेने खडू हातात घेतला. हे गावातले मोठे शेतकरी. माझ्यापुढच्या बाकावर मला पाठ टेकून बसायची त्यांना सवय, त्यामुळे निम्मी बातमी सदऱ्यावर घेऊनच ते घरी जायचे. त्यांनी गुरांच्या डॉक्टरांचा वार चुकवला आणि बारा माणसं आपापल्या बकऱ्या घेऊन भलत्याच दिवशी उन्हात उभी राहिली. देवरावांनी परत आल्यावर त्यांना रेघ मारायला लावली, सहीसकट. सदाशिवराव आठ दिवस चौकात फिरकले नाहीत.

मग गावात टीव्ही आले आणि माझे दिवस फिरले. कुणी माझ्यावर जाहिराती चिकटवल्या. एक बकरी रोज येऊन माझ्या खांबाला अंग घासायची, तेवढीच काय ती माझी विचारपूस. खोटं कशाला सांगू, मित्रांनो, मला फार वाईट वाटायचं.

आणि मग कापसाचे ते वाईट दिवस आले. नव्या शतकाची पहिली काही वर्षं म्हणा. भाव पडले. कापूस घराघरांत छतापर्यंत भरून राहिला. त्यात झोपून लोकांच्या अंगाला खाज सुटली, पण विकायला मन होईना. त्यात वीज दिवसातून निम्मा वेळ गायब. टीव्ही मुके झाले. लोक पुन्हा माझ्यापुढे उभे राहू लागले, आणि देवरावांनी पुन्हा कानावर खडू खोचला. लोकांच्या अडचणीत आपलं नशीब उघडावं याची मला लाज वाटली, तरी आनंदही झाला.

त्या दिवसांत सगळ्यांत मोठी गर्दी मार्चमध्ये व्हायची. मुंबईला राज्याचा अर्थसंकल्प मांडला जायचा. पुढच्या वर्षात राज्यात किती पैसा येईल, तो कुठं जाईल, शेतीचं काय होईल, याचा तो सगळा आडाखा. दुसऱ्या दिवशी पेपर आला की देवराव माझ्या कपाळावर मथळा लिहायचे, 'पुढलं साल'. खाली त्यांच्या त्या पाच ओळी. त्या वाचूनच गाव ठरवायचं, की मृगाला काय पेरायचं.

माझ्या अगदी समोर भागीरथाबाईंचं अंगण आहे. साठीच्या बाई, कुणापुढे न वाकणाऱ्या. पाच एकर वावर त्या एकट्या बघायच्या. त्यांना वाचता येत नसे, पण माझ्यावर काय लिहिलंय ते ऐकल्याशिवाय त्यांचा चहा घशाखाली उतरत नसे. त्या वर्षी त्यांचा बेत ठरत नव्हता. सगळं वावर कापसाला द्यावं, की दरवर्षीसारख्या तुरीच्या ओळी घालाव्यात? बियाण्याची तूर त्यांनी राख लावून कोठीत जपली होती. सगळ्या वावरात कापूस लावला आणि भाव पुन्हा पडला, तर वर्षभर हातात काहीच उरणार नव्हतं.

त्या वर्षीचा पेपर आला. त्यात लिहिलं होतं, की राज्याची स्थिती हळूहळू सुधारेल असा अंदाज आहे आणि कापसाला हमीभावावर जादा रक्कम द्यावी असा विचार आहे. देवरावांनी खडू उचलला आणि मागे वळून पाहिलं. समोर पन्नासएक माणसं उभी होती, एकाच्याही तोंडावर हसू नव्हतं. देवराव पुन्हा माझ्याकडे वळले. मग त्यांनी माझ्यावर लिहिलं, 'पुढील वर्षी कापसाला जादा रक्कम मिळणार.'

खडूचा तो दाब मला अजून आठवतो. नेहमी ठाम लिहिणारा हात त्या ओळीला हलका लागला. पण माझ्यावर लिहिलेलं गिळून टाकायला मला तोंड कुठं आहे? लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी सगळ्यांना चहा पाजला. बऱ्याच दिवसांनी चौकात मोठ्याने हसण्याचा आवाज आला. भागीरथाबाई ओळ ऐकून तडक घरात गेल्या.

तिसऱ्या दिवशी देवरावांच्या पत्नी नलूबाई तरातरा चालत मशीनपाशी आल्या. पदर कमरेला खोचलेला, हाताला जात्याचं पीठ. त्या भागीरथाबाईंना डाळ भरडू लागायला गेल्या होत्या.

"तुमाले मालूम आहे का, भागीरथाकाकू काय भरडून राह्यली?"

"तूर," देवराव म्हणाले.

"बियाची तूर! निम्मी भिजवून, वाळवून, भरडून झाली. म्हणते, औंदा सारा कापूसच लावतो, मंग बी ठेवून काय करू? फळ्यावर आलं म्हणे."

भिजवून भरडलेली तूर वरणाला चालते, मित्रांनो, पेरायला चालत नाही. देवरावांचा पाय मशीनवरच थांबला.

"पेपरात मिळणार आहे, असं होतं का?" नलूबाईंनी विचारलं.

देवराव खाली मान घालून म्हणाले, "विचार आहे, असं होतं. लोकं लई हिरमुसले होते, नलू. एक ओळ गोड लिवली, त्यात काय बिघडलं?"

"गोड चहात घालाव. फळ्यावर कायले?"

देवराव उठून माझ्यापाशी आले. ओल्या फडक्याचा एक फटका, आणि ती ओळ नाहीशी झाली असती. दुपारची वेळ, चौकात कुणी नव्हतं. फडकं त्यांनी हातात घेतलंही. हा माणूस आज मला खोटा करणार, असंच मला वाटलं. मग त्यांनी फडकं खिळ्याला लटकवलं, त्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'जादा रक्कम देण्याचा फक्त विचार आहे. पेपरात तसंच होतं. मी जाणूनबुजून वाढवून लिहिलं. — देवराव.' सहावी-सातवी ओळ होती ती. त्यासाठी ते कंबरेत वाकले.

नेमके तेव्हाच सदाशिवराव आले. त्यांनी सावकाश सगळं वाचलं. आता हे त्या बकऱ्यांचा जुना हिशेब चुकता करणार, या भीतीने मी ताठ उभा राहिलो.

"जाणूनबुजून कायले लिवलं बे?" ते हळूच म्हणाले. "चूक झाली इतकं पुरे होतं."

"चूक नव्हती ना, सदाशिवभाऊ."

सदाशिवरावांनी मान डोलावली आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मला पाठ न टेकता बसले. आल्यागेल्याला ते स्वतः बोट दाखवून सांगत होते, "वाच रे पहिले. रेघेखालचं वाच."

भागीरथाबाईंना वाचता येत नव्हतं, म्हणून देवराव त्यांच्या अंगणात गेले. सुपात पिवळीधमक डाळ होती. देवरावांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बाईंनी जात्याचा खुंटा सोडला.

"माझं निम्मं बी गेलं, देवराव."

"हो, काकू."

"कायले लिवलं तसं?"

"तुमचे साऱ्याइचे चेहरे पाहून."

भागीरथाबाईंचा आवाज चढला. "माझा चेहरा मी पाहून घेतो! तुले कोनं सांगतलं पाहाले? तू मले बातमी सांग. खरी सांग. मंग रडाचं का पेराचं, ते माझं मी ठरवतो."

चौकात येऊन थांबलेल्या लोकांनी हे ऐकलं. देवरावांचे डोळे भरून आले होते. नलूबाई घरी गेल्या आणि आपल्या मडक्यातली पायलीभर तूर घेऊन आल्या. "आमची दोन एकरं, आमाले उरते," म्हणून त्यांनी ती काकूंच्या कोठीत ओतली. काकू आधी नाही म्हणाल्या, मग रागावल्या, आणि शेवटी त्यांनी सुपातली ताजी डाळ नलूबाईंच्या पदरात घातली. मग देवरावांना खाली बसवून त्यांनी पेपरचं ते सबंध पान वाचून घेतलं. हे नक्की का, हे कोण म्हणते, हे कधी होणार, असं प्रत्येक ओळीला विचारत राहिल्या.

त्या मृगाला त्यांनी कापसात तुरीच्या ओळी घातल्या, आणि एका तुकड्यात ज्वारी. गावातल्या निम्म्या घरांनी त्यांचं पाहून तेच केलं. कापसाला त्या वर्षीही फारसा भाव आला नाही. पण तूर अशी लागली, की दाणे भरायच्या दिवसांत चौकात ओल्या शेंगांच्या टरफलांचा खच पडायचा. फुलसावंगी त्या वर्षी श्रीमंत झाली नाही. पण उभी राहिली.

पुढच्या मार्चमध्ये पुन्हा गर्दी जमली. देवराव खडू घ्यायला तयार नव्हते. "आता दुसऱ्या कोणाले द्या," ते म्हणाले. भागीरथाबाई गर्दीतून पुढे आल्या, त्यांनी खडू त्यांच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाल्या, "लिव. ज्यानं आपली लबाडी सहीसकट लिवली, त्याच्यावर नाही त कोनावर भरवसा ठेवाव?"

मित्रांनो, म्हातारपणी माझी तुमच्याकडे मागणी फार मोठी नाही. छप्पर सरळ करा, होळीला आठवणीने काळं फासा, बकरी दूर बांधा. आणि कधी तुमच्या हातात खडू आला, समोर दुःखी माणसं उभी असली आणि त्यांना गोड काही द्यावंसं वाटलं, तर घरून तूर आणा. माझ्यावर मात्र खरं तेच लिहा.

तर त्या दिवशी, काकूंनी दिलेल्या खडूने, देवरावांनी चार ओळी लिहिल्या. रस्ते, वीज, पाटाचं पाणी, शाळा. पाचव्या ओळीला ते थांबले. पेपर पुन्हा उलगडून बघितला, घडी घातली, आणि ठाम हाताने लिहिलं, 'कापसाचा भाव : आज कुणालाच माहीत नाही.'

नलूबाईंनी ती ओळ भागीरथाबाईंना वाचून दाखवली.

"हे बेस झालं," भागीरथाबाई म्हणाल्या आणि घराकडे वळल्या. "चाल नलू, बी निवडू."