जेवणासोबत घ्यायची गोळी

जेवणं उरकली की गाडी येणार होती. मला नांदेडला न्यायचं, त्याच संध्याकाळी पोटाला भोकं पाडून आत दुर्बीण घालायची आणि मूल का होत नाही ते बघायचं, असा माझ्या सासूबाईंचा, म्हणजे अव्वांचा बेत होता. लग्नाला चार वर्षं होऊन पाळणा हलला नाही, म्हणजे बिघाड सुनेतच असणार, हे त्यांनी कधीच ठरवून टाकलं होतं. भूल द्यायची म्हणून दवाखान्यानं मला सकाळपासून उपाशी राहायला सांगितलं होतं. आणि उपाशीपोटी मी सगळ्यांच्या भाकरी थापत होते.

बिघाड माझ्यात नव्हता. ते मला ठाऊक होतं आणि माझ्या नवऱ्याला, श्रीशैलला, ठाऊक होतं.

परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांच्याही तपासण्या केल्या होत्या. माझ्या चोख निघाल्या. त्याचे शुक्राणू कमी आणि सुस्त होते, रक्तात जस्तही कमी होतं. बाईंनी त्याला तंबाखू सोडायला लावली आणि चिलेटेड झिंकच्या गोळ्या लिहून दिल्या. "साधं जस्त पोटात गेलं तरी बरंचसं तसंच निघून जातं," त्या म्हणाल्या. "या गोळीत ते अमायनो आम्लाला बांधलेलं असतं, म्हणून अंगी लागायला सोपं. एवढ्यानं मूल होईल अशी हमी मी देत नाही. पण जी कमतरता दिसते ती तर भरून काढू. तीन महिन्यांनी परत या. फक्त जेवणासोबत घ्या, चहाबरोबर नको. रिकाम्या पोटी घेतली तर मळमळेल."

जेवणासोबत घ्या म्हणे. आमच्या घरात जेवायला सगळे एकत्र बसतात आणि अव्वा लेकाच्या घासाघासावर नजर ठेवतात. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत, तिथं गादीवर अप्पा, माझे सासरे. मग माझ्या शूर नवऱ्यानं गोळी घ्यायला जागा शोधली ती देवघराची. आम्ही लिंगायत; तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा चालू असताना त्याला कुणी हाक मारत नाही. पूजेआधी आमच्यात कुणी पाणीसुद्धा पीत नाही. भस्माच्या डब्यामागे बाटली लपवायची, पूजा झाली की तीर्थाच्या घोटासोबत गोळी गिळायची. रोज अनशापोटी, आणि रोज मोरीपाशी ओकाऱ्या.

"ठेच्यात मिरच्या कमी घाल की गं," अव्वा मला म्हणायच्या. "लेकराच्या पोटात आग व्हायलीय."

म्हणजे मूल होत नाही तेही माझ्यामुळं आणि लेक ओकतो तेही माझ्यामुळं.

मी बोलत का नव्हते? रिपोर्ट आला त्या दिवशी त्यानं तळहातावर इष्टलिंग घेऊन माझ्याकडून शब्द घेतला होता. तीन महिने कुणाला सांगू नको, मग मीच सांगतो. तेवढ्यात अव्वांनी नांदेडची तारीख घेतली. तिथल्या डॉक्टरला त्यांनी सांगितलं, "पोराचं समदं तपासलंय, चांगलं हाय." श्रीशैल शेजारी उभा होता. फरशीकडं बघत होता.

त्या सकाळीही तो मोरीपाशी वाकलेला सापडला.

"गाडी यायच्या आत सांगणार का न्हाई तुमी?" मी विचारलं.

"जरा दम धर. नांदेडला गेल्यावर डॉक्टरच्या कानावर घालतो."

"पोट फाडल्यावर घालणार?"

त्यानं तोंड धुतलं आणि दुकानात निघून गेला. माझं डोकं फिरलं. भीती तर होतीच. सुईलाही घाबरणारी बाई मी, रात्रभर डोळा लागला नव्हता. पण त्या घडीला भीतीपेक्षा राग मोठा होता. मी देवघरात गेले, बाटलीतली एक गोळी काढली. न बोलण्याचा शब्द दिला होता, ताट कसं वाढायचं ते माझं मला ठरवता येत होतं.

त्याच्या ताटात शेंगदाण्याची चटणी वाढली आणि चटणीला लागून ती गोळी ठेवली.

तिघं जेवायला बसले. श्रीशैलनं भाकरीला हात घातला आणि तसाच थांबला. आता बोल, मी मनात म्हणत होते. आता तरी बोल.

"ते काय रे ताटात?" अप्पांनी विचारलं.

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं.

"पित्ताची गोळी हाय, अप्पा."

मी भिंतीला टेकून उभी राहिले. ज्याच्यासाठी मी गप्प बसले होते, तो मला खुशाल ऑपरेशनच्या टेबलावर झोपवणार होता.

"पित्ताची, आन् जेवताना?" अप्पांना नवल वाटलं. ते स्वतः पित्ताची गोळी पहाटेची पूजा झाली की चहाच्या आधी घेतात. "ती अनशापोटी घ्यायची असती."

"घेऊ द्या की त्याला," अव्वा वरण ओतत म्हणाल्या. "ही जेवणासंगंच घ्यायची असती. पूजेच्या पाण्यासंगं घेतो म्हणून तर रोज ओकायलाय."

मला ते कळायला थोडा वेळ लागला. पूजेत गोळी घेतो हे आम्ही दोघं सोडून कुणाला माहीत नव्हतं.

"अव्वा," मी म्हणाले, "पूजेत घेतात हे तुमाला कुणी सांगितलं?"

अव्वांनी वरणाची पळी पातेल्यात ठेवली.

"देवघर मीच झाडते न्हवं," त्या म्हणाल्या. "बाटली घावली. सेलूच्या मेडिकलवाल्याला दाखवली. कशाची हाय, कुणाला देतात, कशी घ्यायची, समदं सांगितलं त्यानं."

"कवा?"

"तारीख घ्यायच्या आधी."

अप्पांचा घास हातातच राहिला. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं, ते दिसतच होतं.

"मग मला कशाला न्यायलाव?"

"हळू बोल, दुकानात गिऱ्हाईक खोळंबलंय." अव्वांनी आवाज खाली आणला. "तुला काय हुतंय त्यात? थोड्या वेळाचं काम. बाईला दवाखान्यात नेलं तर लोक हसत न्हाईत. ह्याचं कळलं तर आपल्या वालूरच्या बाजारातून मान वर करून जाता यील का ह्याला? तूच सांग."

त्या रागावल्या नव्हत्या. मला समजावत होत्या, आणि त्यानंच माझ्या अंगावर काटा आला.

मी खाली बसले. टोपल्यातली भाकरी घेतली, त्याच्याच ताटातल्या वरणात कुस्करली आणि खायला लागले.

अव्वांनी माझं मनगट धरलं. "खाऊ नको. पोटात अन्न असलं की भूल देत न्हाईत ते."

"म्हणूनच जेवायलेय."

"हात सोड तिचा, नीलम्मा," अप्पा अव्वांना म्हणाले.

तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. मी एकामागून एक घास कोंबत राहिले. श्रीशैल माझ्याकडं बघत होता. त्यानं ती गोळी उचलली, तोंडात टाकली, पाणी प्याला आणि उठून दुकानात गेला. वाटलं, माझी पिशवी गाडीत ठेवायला गेला असेल. त्याचा मला आता काहीच भरवसा उरला नव्हता.

मग त्याचा आवाज आला. आधी अडखळला, नंतर दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढा मोठा झाला.

"गाडी परत न्या. धनश्रीला काय झालेलं न्हाई. कमी माझ्यात हाय, इलाज माझा चालू हाय."

मग कुणीतरी अर्धा किलो साखर मागितली आणि वजनकाट्यावर पिशवी टाकल्याचा आवाज आला.

एवढंच बोलायचं होतं. एवढं बोलायला लागू नये म्हणून हे घर माझं पोट फाडायला निघालं होतं.