जुनी पायथन कुणासाठी

रोसित्साने आज्ञा टाइप केली, तीही पूर्ण पत्त्यासकट. कुठल्या फोल्डरातली पायथन हवी ते लिहिल्याशिवाय एंटर दाबायचं नाही, हा तिचा अकरा वर्षांचा नेम होता. यंत्र खडखडलं आणि जाड कागदावर टिंबं उठायला लागली. शेजारी बसलेल्या देसिस्लावाने कानांवर हात ठेवले.

त्या एका संगणकावर पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या दोन आवृत्त्या नांदत होत्या. नवी सगळ्या कार्यालयाची, जुनी फक्त या ब्रेल छापण्याच्या यंत्राची. बल्गेरियातल्या रुसे शहराच्या अंध-ग्रंथालयात कामाला लागल्यावर रोसित्सा मिळेल ते पुस्तक वाचून प्रोग्राम लिहायला शिकली होती, आणि मजकुराचं ब्रेल करणारा, तिच्या हातून धड उतरलेला एकच प्रोग्राम त्या जुनीत होता. नवीवर तो चालवला की बल्गेरियन अक्षरांची प्रश्नचिन्हं व्हायची. त्यावर तिने तीन हिवाळे डोकं आपटलं. एकदा वैतागून जुनी काढूनच टाकली, तर संगणक उठेचना. तेव्हा त्याचे स्वतःचे निम्मे व्यवहारही त्याच म्हातारीच्या जिवावर चालले होते. तेव्हापासून दोघींच्या चुली वेगळ्या.

देसिस्लावा नगरपालिकेच्या संगणक विभागातून आली होती. जुनीची दुरुस्ती कुणी करत नाही, तिच्या भोकांतून कोणीही आत शिरेल, तेव्हा ती आज दुपारपर्यंत काढायची, असा हुकूम होता. एखादा वाचक खरंच अडत असेल तरच सवलत, आणि तसं त्या वाचकाने स्वतः सांगायला हवं.

"ताई, एका घरात दोन सवती, त्यात एक आजारी," देसिस्लावा म्हणाली. "किती दिवस निभावणार?"

"आजारी नाही गं. म्हातारी आहे. माझ्याएवढीच."

एके काळी बेचाळीस वाचक होते. काही गेले, बाकीचे कानांनी ऐकायच्या पुस्तकांकडे वळले. गेल्या दोन वर्षांच्या नोंदीत एकच नाव होतं. डोंगरातल्या एका खेड्यातल्या मिन्कामावशी, वय चौऱ्याऐंशी, दर महिन्याला एक पुस्तक. एक तर एक, रोसित्सा म्हणाली. एका माणसाच्या तोंडचं पुस्तक तुम्ही काढून घेणार नाही. तिने नंबर फिरवला आणि देसिस्लावालाही ऐकू जावं म्हणून फोन टेबलावर ठेवला. यंत्र थांबवायचं मात्र तिला सुचलं नाही.

मावशींनी आवाजावरूनच ओळखलं. आधी त्यांनी हवा विचारली, मग मनुका वाळत घातल्यात ते सांगितलं.

"मावशी, इथे एक बाई बसल्यात. त्यांना एवढंच सांगा, पुस्तकं वाचता म्हणून."

पलीकडे खुर्ची करकरली.

"सरकारी बाई आहे का गं?"

"हो."

"मग खरं सांगायला हवं." मावशींनी घसा साफ केला. "बोटं गेली माझी, पोरी. साखरेने. दोन वर्षं झाली. टिंब आहे की नाही तेच कळत नाही."

रोसित्साने हात लांब करून यंत्र बंद केलं. खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली.

"मग दर महिन्याला मागवता ते?"

"तूच म्हणाली होतीस ना, कुणी मागवलं नाही तर यंत्र काढून नेतील. म्हटलं, तुझं तरी चालू राहू दे. आणि वाया नाही हो जात काही. एकेका पुस्तकाचे केवढाले जाडजूड भाग! उत्तरेच्या भिंतीला रचलेत. यंदा गारठा आत आला नाही."

देसिस्लावाने पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

"काही बिघडलं का गं मी बोलले ते?" मावशींनी विचारलं.

"छे, काय बिघडायचंय."

"मग पुढचं पाठवतेस ना?"

"सोमवारी निघेल," रोसित्सा म्हणाली.

रोसित्साने फोन ठेवला. मग देसिस्लावा खिडकीकडे बघत म्हणाली, की फोन लागलाच नाही असं धरता येईल. ती वाचकांच्या रकान्यात 'एक' लिहू शकते. वर्षभर कुणी विचारणार नाही.

"आणि वर्षाने परत येशील. परत तिला फोन करायचा, परत तिने खरं बोलायचं." रोसित्साने चष्मा काढून स्कर्टला पुसला. "शून्य लिही."

जुनी काढायला मिनिटही लागलं नाही. देसिस्लावाने संगणक बंद करून पुन्हा लावला. एव्हाना त्याचे स्वतःचे व्यवहार नवीवर आले होते; तो सुरळीत उठला. कशाचंच काही अडलं नाही.

देसिस्लावा कोट चढवत होती तेव्हा रोसित्साने कपाटातून जाड कागदांचा गठ्ठा काढला. कोरेच. ते नेहमीसारखे नऊ भागांत विभागले, कडा जुळवल्या आणि पहिल्या भागाला दाभणाने भोकं पाडून दोरा ओवला. देसिस्लावा एक बाही घालून दारातच थांबली.

मुखपृष्ठावरचं नाव मात्र रोसित्साने हातानेच टोचलं, एकेक टिंब. मग डोळे मिटून त्यावरून बोट फिरवलं. तिसरं अक्षर चुकलं होतं. तिने तो कागद बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला.