चालू मशीनमध्ये हात घालणार नाही

स्वेटरची उजवी बाही मनगटापासून कोपरापर्यंत उसवली होती. भिंगरीने तो धुवायच्या कपड्यांत तळाशी कोंबला होता, पण कपडे उपसणं हाच आईचा दिवसभराचा धंदा होता. इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालून ती नुकती घरी आली होती. पायातले बूटही काढले नव्हते.

“ही कशानं फाटली गं?”

“अडकली कुठेतरी.”

“कुठेतरी म्हणजे कुठे?”

भिंगरी सोळा वर्षांची. एका जागी टिकत नाही म्हणून लहानपणीच हे नाव पडलेलं. शाळा सुटली की ती कोपऱ्यावरच्या बेकरीत कामाला जायची. आईने खोदून खोदून विचारलं, तेव्हा तिने सांगितलं. पीठ मळायच्या मशीनला जाळीचं झाकण असतं. ते उघडलं की मशीन थांबतं. दर वेळी थांबवून कडेचं पीठ खरवडायचं म्हणजे वेळ जातो, म्हणून बेकरीवाल्या काकूंनी झाकणच काढून ठेवलंय आणि मशीन थांबू नये म्हणून त्याच्या खटक्यावर चिकटपट्टी मारलीय. मशीन चालू असतानाच खरवडायचं. काल बाही आत ओढली गेली. काकूंनी झटकन बटण दाबलं.

“पण हाताला काही झालं नाही, आई. हे बघ.”

आईने हात उलटसुलट करून पाहिला. मनगटावर लाल वळ होता. ओरडायचंही तिच्यात त्राण नव्हतं.

बाबा बस चालवायचे. दिवसभर रस्त्यावरचे हॉर्न ऐकून आलेला माणूस घरी कमीच बोलायचा. जेवताना त्यांनी सगळं ऐकलं आणि एका वाक्यात निकाल लावला, “उद्यापासून काम बंद.”

भिंगरीने ताट सरकवलं. “मग यापुढे मी तुम्हाला काही सांगणारच नाही.”

रागाच्या भरात बोलली होती, पण आईला ते खरं वाटलं. इथलं बंद केलं तर पोरगी दुसरीकडे कुठेतरी जाईल, आणि तिथलं घरी काहीच कळणार नाही.

“थांबा जरा,” ती नवऱ्याला म्हणाली. “मी जाऊन बघते.”

सुट्टीच्या दिवशी ती भिंगरीबरोबर बेकरीत गेली. काकूंचे हात कोपरापर्यंत पिठाने माखले होते. एकटीच्या जिवावर बेकरी चालवणारी बाई, बोलतानाही हात थांबत नव्हते. जाळी पिठाच्या पोत्यांमागे उभी होती आणि तिच्यावर ॲप्रन वाळत घातले होते.

“अहो, माझा जन्म गेला या मशीनवर,” काकू म्हणाल्या. “पोरगी चुणचुणीत आहे तुमची. एकदा धांदल झाली, एवढंच.”

“झाकण बसवलं असतं तर...”

“बघू की.”

“बघा,” आई म्हणाली आणि निघून आली.

रस्त्यात भिंगरी फणकारली. “मला म्हणतेस, नाही म्हणायला शिक. आणि तू? ‘बघा’! तुझी मुकादम बाई जादा पाळी गळ्यात मारते, तेव्हाही मान डोलावतेस. मग घरी येऊन पाय चोळत बसतेस.”

आईला ते लागलं. खोटं असतं तर इतकं लागलं नसतं.

“मला नाही येत,” ती म्हणाली. “कुणी शिकवलंच नाही. पण तुला यायलाच हवं.”

संध्याकाळी सरावासाठी स्वयंपाकघरात आई काकू झाली. “चल गं, भरभर खरवड, गिऱ्हाईक खोळंबलंय!”

भिंगरी खिदळली. “काकू इतक्या गोड बोलत नाहीत.”

मग आई खेकसली. तशी भिंगरीच्या तोंडून आपसूक निघालं, “बरं.” “पुन्हा,” आई म्हणाली. पुढच्या खेपेला भिंगरी ‘नाही’ म्हणाली, पण मागोमाग ‘सॉरी’ही म्हणाली.

“सॉरी कशाला?” बाबा दारातून म्हणाले. “बसमध्ये असं पुटपुटलीस तर मी थांबा सोडून पुढे जाईन. ठणकावून सांग.”

जेवण गार होईपर्यंत हेच चाललं.

दुसऱ्या दिवशी भिंगरीने बेकरीत ठणकावून सांगितलं, “मशीन बंद करा, मग खरवडते. चालू मशीनमध्ये हात घालणार नाही.”

“मग घरी बस,” काकू म्हणाल्या.

ती तशीच घरी आली. आईने तिला जवळ घेतलं. पुढचे काही दिवस वाईट गेले. भिंगरी तोंड फुगवून बसायची, बाबा उगाच पाणी आणून द्यायचे. मग एका सकाळी काकूंचा निरोप आला: येत असशील तर ये. गेली तर झाकण बसवलेलं, चिकटपट्टी काढलेली. काकू मात्र आठवडाभर तिच्याशी धड बोलल्या नाहीत.

“तू नसलीस की झाकण राहतं का?” आईने एकदा विचारलं.

“मी नसले की काढतात. स्वतःच मळतात ना तेव्हा.”

पुढच्या सुट्टीला आई पाव आणायला गेली. भिंगरी आत ट्रे पुसत होती. आई गल्ल्यापाशी दबक्या आवाजात म्हणाली, “तुम्हीसुद्धा झाकण लावूनच मळत जा हो.”

काकू थकल्यासारख्या हसल्या. “तुमच्या पोरीसाठी तुम्ही आलात. माझ्यासाठी रागवायला घरी आहे कोण?”

 आई पाव घेऊन बाहेर बाकावर बसली. भिंगरीचं काम आटपायला अजून अवकाश होता, आणि पाय फार दुखत होते.