कडेपासून बोटभर

शुक्रवारी प्रबंध द्यायचा, नाहीतर सहा वर्षांवर पाणी सोडायचं, असं विद्यापीठाने स्वच्छ कळवलं होतं. मुदतवाढ मागून मागून तिची तिलाच लाज वाटायला लागली होती. सोमवारी सकाळी ती प्रयोगशाळेत आली तेव्हा एकच फोटो काढायचा राहिला होता, आणि तिला फक्त झोपायचं होतं.

तिचं काम सांगायला सोपं, करायला जिवावरचं. ठरावीक द्रावणं काचेच्या ताटलीत एकत्र ओतली की तांबड्यात निळा ठिपका उमटतो, त्याचं वर्तुळ होतं, मग आत दुसरं, तिसरं. एक पदार्थ स्वतःच स्वतःला वाढवत सुटतो, दुसरा त्याला वेसण घालतो. दोघांच्या कुरबुरीतून ही नक्षी. "म्हणजे आपल्या घरासारखंच," आई म्हणाली होती. त्या कुरबुरीची समीकरणं मांडायची, हा तिचा विषय. तिच्या प्रयोगात पहिला ठिपका दरवेळी कडेपासून बोटभर अंतरावर उमटायचा. तो तिथेच का, हे कुणाचंच समीकरण सांगत नव्हतं. म्हणून तिने काचेच्या कडेसाठी समीकरणात एक नवं पद घातलं आणि चार वर्षं त्याचे आकडे जुळवण्यात घासली. अख्खा प्रबंध त्या पदावर उभा होता.

त्या दिवशी प्रयोगशाळेचे मामा दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. एरवी ताटली धुऊन-पुसून तेच टेबलावर ठेवायचे. तिने हाताला लागली ती घेतली, द्रावण ओतलं. ठिपका मधोमध उमटला.

दुसऱ्या ताटलीत दोन ठिपके, दोन्ही भलतीकडेच. तिसरीत बराच वेळ काहीच नाही. तिने सगळं पुन्हा थेंब न् थेंब मोजून केलं. तरी तेच.

दुपारी मामा गाल धरून आले. "ताई, या कुठल्या काढल्यात? तुमची वेगळी असते ना!"

"माझी?"

त्यांनी कपाटातून फडक्यात गुंडाळलेली ताटली काढली. "हिच्यात वर्तुळं पटकन येतात. बाकीच्यांत तुम्ही ताटकळत बसायच्या, जेवायचंसुद्धा विसरायच्या. बघवेना मला. चार वर्षं झाली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही हिला."

तिने ताटली उजेडात धरली. कडेपासून बोटभर अंतरावर एक बारीक चरा होता. चऱ्यापाशी क्रिया आधी सुरू होते, हे या विषयात नव्याने आलेल्यालाही ठाऊक असतं.

मामांनी ताटली तिच्या हातून घेतली, पुसून कॅमेऱ्याखाली ठेवली. "घ्या, फोटो काढून मोकळ्या व्हा."

काढता आला असता. कुणाला कळणारही नव्हतं. तिला भयंकर राग आला, पण या इमारतीत तिच्या जेवणाची काळजी करणारा हा एकच माणूस होता. त्याच्यावर ओरडायचं तरी कसं? तिने तिच्या मार्गदर्शक सरांना फोन लावला.

"सर, शुक्रवारी प्रबंध देत नाहीये मी."

सरांनी कारण विचारलं. मामा समोरच उभे होते.

"चरा पडलेली ताटली वापरली मी," ती म्हणाली. "चार वर्षं. बघून घ्यायला हवी होती, नाही घेतली."

मामांचा हात गालावरून खाली आला. ते हळूच स्टुलावर टेकले. पलीकडून सर काहीतरी मोठ्याने बोलत होते. तिने फोन टेबलावर ठेवला, दुसरं स्टूल ओढलं आणि ती मामांच्या शेजारी बसली.